दसऱ्याला पुजलेला टीव्ही गेम

बाबा,

मागच्या रविवारी तुमचा टीव्ही गेम उघडला. मी नाही, लालबागच्या टीव्हीवाल्या काकांनी उघडला. मी समोरच्या स्टुलावर बसून फक्त बघत होते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तो गेम बंद पडून तीस. एवढ्या वर्षांत त्याचे चार स्क्रू काढून आत बघावं असं घरात कुणालाच वाटलं नाही, कारण तो का बंद पडला हे अख्ख्या चाळीला पाठ होतं. तुम्ही दसऱ्याला त्याची पूजा केलीत, फुलाने पाणी शिंपडलंत, हळदीकुंकू वाहिलंत आणि तो मेला. हे खरं नाही, आणि खरं नाही हे मला त्या दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून माहीत आहे. तेच सांगायला बसले आहे. एक व्हिडिओही त्यापायी अडकून पडला आहे, पण व्हिडिओ म्हणजे काय ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

तुम्ही गेलात तेव्हा मी विम्याच्या ऑफिसात नुकती लागले होते. ती नोकरी अजून आहे. पण शनिवार-रविवारी मी गेम तपासते. हो, तपासतेच. जुने कॅसेटवाले, नंतरचे सीडीवाले, हातात धरून खेळायचे, टीव्हीला जोडायचे, आताचे ज्यांना कॅसेट-सीडी काहीच लागत नाही ते. घरात चौदा मशिनी आहेत. खेळून झालं की कॅमेऱ्यासमोर बसते आणि मराठीत सांगते, हा गेम घ्यावा की नाही, यात काय चांगलं, कुठे फसवलंय. लोक मोबाइलवर ते बघतात. तुम्ही कपाळाला आठी घालून काय विचारलं असतंत तेही मला माहीत आहे. "स्वतः खेळूचां सोडून लोकां दुसऱ्याचो खेळ बगतत? आणि तां कित्याक?" बघतात खरे.

काय बघायचं हे मात्र मी तुमच्याकडून उचललं. मिलच्या फोल्डिंग खात्यात तुम्ही कापड तपासायचात. उजेडासमोरून कापड सरकत यायचं आणि तुमचा खडू चालायचा. इथे धागा तुटलाय, इथे गाठ, इथे तेलाचा डाग. मी काही ते डोळ्यांनी पाहिलं नाही, मिल बंद झाली तेव्हा मी पहिलीत होते. पण घरात तुम्ही टॉवेल विकत आणलात तरी आधी उलटा करून बघायचात. म्हणायचात, सुलटी बाजू दुकानदार दाखवतोच, उलटी आपण मागायची. मी गेमची उलटी बाजू बघते. मध्यंतरी एक मोठा नवा गेम आला होता. घोड्यावरून फिरायचं, आभाळ असं की बघत राहावं, गवत वाऱ्याने हलतंय, सगळे समीक्षक लोटांगण घालून मोकळे झालेले. मी घोड्यावरून उतरले आणि गावातल्या घरांच्या मागच्या बाजूला गेले. मागे खिडक्या नव्हत्या, दारं नव्हती, नुसत्या कोऱ्या भिंती. म्हटलं, हे कापड सुलट्या बाजूनेच विणलंय. त्या गेमच्या चाहत्यांनी मला चार दिवस शिव्या घातल्या. आता तर आणखी एक पद्धत आली आहे. गेम अर्धाकच्चा विकतात आणि विकत घेतल्यावर घरबसल्या त्याची ठिगळं पाठवत राहतात. पहिल्याच दिवशी मशीन म्हणतं, थांबा, दुरुस्ती उतरवून घेतोय. तासभर थांबायचं. तुमच्या खात्यात फाटकं कापड बाहेर गेलं आणि मागाहून गिऱ्हाइकाच्या घरी सुईदोरा धाडला, असं झालं असतं का? तुम्ही तो तागा बाजूला काढून त्या माणसाकडे नुसतं बघितलं असतंत, आणि ते त्याला पुरलं असतं.

आपला गेम तरी कुठे खरा होता म्हणा. परदेशातल्या कुठल्याशा मशीनची नक्कल, आणि पिवळ्या कॅसेटवर हजार गेम लिहिलेले. आत होते सतरा. तेच सतरा रंग बदलून पुन्हा पुन्हा यायचे. पण तो घरी आला तो दिवस मी जन्मात विसरणार नाही, आणि आईसुद्धा विसरलेली नाही. मिलनंतर तुम्ही हिंदमाताला साड्यांच्या दुकानात लागला होतात. दिवसभर उभं राहून बायकांसमोर साड्या उलगडायच्या आणि त्या उठून गेल्या की पुन्हा घड्या घालायच्या. त्या संध्याकाळी तुम्ही डिलाईल रोडच्या आपल्या खोलीत शिरता ते हातात साडीचं खोकं घेऊन. लग्नाला बारा वर्षं झालेली आणि तुम्ही त्या दुकानातून घरी साडी कधीच आणलेली नाही. आई हात पदराला पुसत पुढे येते. तिच्या चेहऱ्यावर जे काही आहे ते मी त्याआधी कधी पाहिलेलं नाही. ती खोकं उघडते. आत दोन रिमोट, एक राखाडी डबा आणि वायरींचं भेंडोळं. गेमचं मूळ खोकं फाटलेलं होतं म्हणून तुम्ही तो दुकानातल्या रिकाम्या खोक्यात घालून आणलात, एवढीच गोष्ट. पण ते खोकं आधी आईच्या हातात द्यायचं नसतं, एवढी अक्कल तुम्हाला असायला हवी होती, बाबा. आईने खोकं तुमच्या हातात परत दिलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "चेडवाक कित्याक होयो व्हिडिओ गेम?" तुम्ही वायरी सोडवत खाली मान घालून म्हणालात, "खेळूक."

तुम्ही कायम दुसरा रिमोट घ्यायचात. त्या दुसऱ्या रिमोटला चालू करायचं बटणच नव्हतं. गेम सुरू करायचा, थांबवायचा, बदलायचा, सगळा कारभार पहिल्या रिमोटकडे. "मालक तू," म्हणायचात. रणगाड्यांच्या त्या गेममध्ये दोघांनी मिळून शत्रू मारायचे आणि आपला किल्ला वाचवायचा. तुम्ही तुमचा रणगाडा किल्ल्याच्या दाराशी नेऊन उभा करायचात आणि तिथून हलायचा नाहीत. "मी हंयसर रवतंय, तू जा." मी चिडायचे. बाकीच्यांचे बाप खेळायलाच बसत नव्हते हे तेव्हा माझ्या डोक्यात यायचंच नाही. आता प्रत्येक गेम तपासताना मी दुसरा रिमोट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देते, कधी आईच्या, कधी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या, आणि त्या माणसाला गेम कसा वागवतो ते बघते. बहुतेक नवे गेम त्याला वाऱ्यावर सोडतात. तो मागे पडला की सरळ त्याला उचलून आपल्या शेजारी आणून टाकतात. मी त्याचे गुण कापते. लोकांना वाटतं ही माझी खोड आहे. असू दे.

आता तो दसरा. मिलमध्ये दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घालायचे, कुंकू लावायचे, नारळ फोडायचे, आणि त्या दिवशी तुम्ही मला खांद्यावर बसवून आत नेल्याचं आई सांगते. मिल गेली आणि तुमच्याकडे पुजायला काही राहिलं नाही. साड्यांच्या दुकानात पूजा शेठ करायचे, तुम्ही लोक मागे हात जोडून उभे. घरी आईची शिलाई मशीन, माझी पाटी आणि पुस्तकं एवढीच पाटावर यायची. त्या वर्षी तुम्ही टीव्ही गेमही मांडलात. आई म्हणालीही, खेळण्याची कसली पूजा. तुम्ही म्हणालात, "ज्येका हात लागता, तेका वर्षातून एकदा हात जोडूक होयेत." पांढरा सदरा घातला होतात. फार मन लावून केलीत ती पूजा. दोन्ही रिमोटना वेगळं वेगळं कुंकू लावलंत. फूल पाण्यात बुडवून तीनदा शिंपडलंत, आणि मी शेजारी मांडी घालून बसले होते, हात जोडून, आणि माझी नजर रिमोटवरून वर होत नव्हती.

कारण तो आदल्या दिवशीच गेला होता. शाळेला सुट्टी, आई कॉटन ग्रीनला मावशीकडे गेलेली, तुम्ही दुकानात. आपल्या गेमचा अडॅप्टर सैल झाला होता. सारखा हलवावा लागायचा. मी शेजारच्या खोलीतून त्यांच्या टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर मागून आणला. पिन बसली. लाल दिवा लागला, नेहमीपेक्षा जास्त लाल, मग फट्‌ असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास. मी खिडकी उघडली, पंखा मोठा केला, अडॅप्टर शेजारी परत नेऊन दिला, गेम पुसला आणि जागच्या जागी ठेवला. अकरा वर्षांची होते. तुम्ही मारलं असतंत का? तुम्ही मला कधीच मारलं नाही. म्हणजे भीती माराची नव्हती. ते खोकं उघडतानाचं आईचं तोंड मला आठवत होतं, त्याची भीती होती. एवढं करून आणलेली वस्तू चार महिन्यांत मी जाळली, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी चाळीतली पोरं गेम खेळायला जमली. सोनं वाटून झालेलं, सगळे नव्या कपड्यांत. तुम्ही स्वतः बटण दाबलंत. काही नाही. पुन्हा दाबलंत. कॅसेट काढून फुंकर मारलीत, पुन्हा बसवलीत. दारात समोरच्या खोलीतले काका उभे होते, मिलमध्ये साच्यावर कापड विणलेले, अख्ख्या मजल्याची टिंगल करायचा मक्ता घेतलेले. ते म्हणाले, "काय रे, काय झालं मशीनला?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गेमची मालकीण मी. मी म्हणाले, "बाबांनी पाणी घातलं." तीन शब्द. त्यांचं हसणं मला अजून ऐकू येतं. आईने कपाळावर हात मारला, "तुमका सांगलंय होतंय ना मी, त्या मशिनीक पानी लावू नकात म्हणान!" आणि काका पोट धरून म्हणाले, "फोल्डिंगात दसऱ्याचा नारळ तूच फोडायचास ना रे? तरीच म्हटलं, मिल कशी बंद पडली!"

तुम्हीही हसलात. सगळ्यांबरोबर हसलात आणि रिमोटवरचं कुंकू बोटाने पुसायला लागलात. ते बोट मला दिसत होतं. तेव्हा बोलले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. नाही बोलले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेम घेऊन लालबागला दुरुस्तीला गेलात, परत आणलात, म्हणालात, "पाणी गेलंय आत, आता काय होणार नाय." आणि साडीच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकलात. मला वाटलं, दुकानात न उघडताच परत दिला असेल.

तो विनोद मग चाळीचाच झाला. कुणाकडे नवा फ्रिज आला की, "ह्याला बोलवा पूजेला, म्हणजे उद्या बर्फाचं पाणी." गणपतीत, लग्नात, पाहुण्यांसमोर. तुम्ही दर वेळी हसायचात. पण पुढच्या दसऱ्याला तुम्ही पाट मांडला नाहीत. आईने मांडला, आईने कुंकू वाहिलं, आणि तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिलात, दुकानात उभे राहायचात तसे. त्याच्या पुढच्या वर्षीही. कुणी त्यावर काही बोललं नाही. एका माणसाची पूजा बंद झाली याची कुणी दखल घ्यावी एवढी ती मोठी गोष्ट नव्हती, आणि ज्या एका व्यक्तीला त्याचं कारण माहीत होतं ती गप्प होती. दसरा जवळ आला की मला आजारी पडावंसं वाटायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते, कारण पुढचं मी अकरा वर्षांची असताना नाही केलं. पस्तिशी उलटल्यावर केलं. गेमचे व्हिडिओ सुरू केले तेव्हा सुरुवातीला कुणी बघत नव्हतं. एकदा जुन्या मशिनींवर बोलता बोलता मी तो किस्सा सांगितला. तुमचा आवाज काढून सांगितला, बाबा. "ज्येका हात लागता, तेका हात जोडूक होयेत," असं तुमच्यासारखं मान हलवत. फूल बुडवून पाणी शिंपडण्याची नक्कल केली. लोक फिदा झाले. माझा तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिला गेला आहे. आजही अनोळखी माणसं मला 'हळदीकुंकूवाल्या ताई' म्हणतात. मी नव्या मशीनचं खोकं उघडलं की खाली लिहितात, ताई, आधी पाणी शिंपडा. मी हसून हात जोडते. समोरच्या खोलीतल्या काकांनी चाळीपुरतं जे केलं ते मी अख्ख्या महाराष्ट्रासाठी केलं.

या महिन्यात त्या जुन्या मशिनींची एक नवी आवृत्ती आली आहे. तळहाताएवढा डबा, आत जुने शेकडो गेम, चित्र लख्ख. बघणाऱ्यांचा आग्रह की ताई, तुमचा तो हळदीकुंकवाचा जुना गेम माळ्यावरून काढा, दुरुस्त करा आणि दोघांची तुलना करा. चाळ पाडून तिथेच नवी इमारत झाली, आम्ही अकराव्या मजल्यावर आहोत, माळा राहिला नाही. पण आईने ते साडीचं खोकं टाकलेलं नव्हतं. कपाटात स्वेटरांखाली होतं. घेऊन गेले लालबागला. मनात एकच होतं: काका आत बघतील, जळलेलं दिसेल, मी म्हणेन, अरेच्चा, म्हणजे पाणी नव्हतंच की काय! आणि सत्य आपोआप बाहेर येईल, माझं नाव न घेता. ताकाला जायचं आणि भांडंही लपवायचं.

टीव्हीवाले काका आता फार थकलेत. दुकान मुलगा चालवतो, मोबाइलचं. ते आत एका कोपऱ्यात बसून असतात. त्यांनी डबा उघडला, भिंग लावलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "अजून ठेवलायस हा?"

मी म्हटलं, "काका, पाणी गेलं होतं ना याच्यात?"

"कसलं पाणी! पाण्याने गंज चढतो. हे बघ काळं पडलंय, जळलंय हे. जास्त ताकदीचा अडॅप्टर लावलेला कुणीतरी." मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "मी तेव्हाच सांगितलेलं की तुझ्या बाबांना. त्यांनी वास घेतला नुसता. पोरगी घाबरलीय, एवढं ओळखलं. मला म्हणाले, चेडू भियालां. कोणी इचारल्यान तर पान्यान गेलो म्हणान सांग."

मी टेबलावरचे चार स्क्रू तळहातावर गोळा केले.

"मी म्हटलं, अहो, माझ्या दुकानाची अब्रू काढता काय? लोक म्हणतील, याला दोन थेंब पाणी सुकवता येत नाही. तर म्हणाले, तुझी अब्रू ऱ्हवतली, माका हसतले. आणि हसलेच की सगळे! तुमच्या चाळीतला एकेक जण येऊन मला विचारून गेला. मी आपला, पाणी, पाणी." ते स्वतःशीच हसले. "म्हणून लक्षात राहिलं बघ. असं खोटं बोलायला सांगणारं गिऱ्हाईक दुसरं नाही मिळालं."

म्हणजे तुम्हाला दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. कापडाची उलटी बाजू बघणारा माणूस तो डबा न उघडता थोडाच राहणार होता! अकरा वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून त्या विनोदावर हसत होतात.

घरी आले आणि मला तो कॉम्प्युटरचा दसरा आठवला. मी कॉलेजात, आणि मामांच्या ओळखीने जुना कॉम्प्युटर घरी आलेला. आईची पूजा आटपलेली. तुम्ही हातात एक झेंडूचं फूल घेऊन कॉम्प्युटरसमोर उभे राहिलात आणि माझ्याकडे वळून विचारलंत, "हेची पूजा करूची काय गो?" आवाज अगदी साधा होता. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "नको बाबा, राहू दे. बिघडेल." तुम्ही "बरां" म्हणालात. फूल खिडकीच्या गजात अडकवलंत आणि गॅलरीत गेलात. तुम्ही मला परवानगी विचारताय असं वाटलं होतं मला. आज वाटतं, तुम्ही दार उघडं करून बघत होतात, ही येते का बाहेर. आठ वर्षांनी एकदा, तेही असं की मला नको असेल तर मला कळूही नये. आणि मी काय म्हणाले? बिघडेल म्हणाले. त्या शब्दासाठी मला माफ करा. अडॅप्टरसाठी नंतर करा, त्या व्हिडिओसाठी वाटल्यास करूच नका, पण त्या शब्दासाठी करा.

तुलनेचा व्हिडिओ मी केला. जुना गेम दुरुस्त होणार नाही, तो भाग आता मिळत नाही, म्हणून एका मित्राचा चालू असलेला आणला. नवा डबा चांगला आहे. चित्र स्वच्छ, बटणं घट्ट, खोक्यावर जेवढे गेम लिहिलेत तेवढेच आत आहेत, हेही मोजून बघितलं. दोन्ही रिमोटना सगळी बटणं आहेत. उणं काढायचं तर वायर फार आखूड, टीव्हीला नाक लावून बसावं लागतं. आणि व्हिडिओच्या शेवटी, जिथे लोक हळदीकुंकवाच्या किश्शाची वाट बघत असतील तिथे, मी काय घडलं ते सांगितलं. अडॅप्टर मी लावला. पाण्याने काही झालं नव्हतं. बाबांना माहीत होतं. एवढंच, तुमचा आवाज न काढता. सगळं कापून जोडून तयार आहे. एक बटण दाबायचं राहिलं आहे, आणि ते तीन दिवस राहिलं आहे.

अनोळखी लोकांची मला भीती नाही. ते चार दिवस बोलतील, काही रडतील, काही म्हणतील की ताईंनी हेही बघणारे वाढवायला केलं. पण माझा प्रत्येक व्हिडिओ पहिल्यांदा आई बघते. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत बघते. आणि आईला अजून माहीत नाही. ती तीस वर्षं तुम्हाला बोल लावते आहे. गेल्या दसऱ्याला नवा टीव्ही पुसता पुसता तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली, "तुमी नाय तां बरां, नायतर हेच्यारय पानी घातला असतात." आणि हसली. त्या हसण्यात तुमच्यावरचं सगळं प्रेम होतं, बाबा, पण दोष तुमचाच होता. मी शेजारी उभी होते. मीही हसले.

टीव्हीवाल्या काकांनी सांगितलं तेव्हा मला रडू येईल असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. आधी हायसं वाटलं. तुम्हाला माहीत होतं, म्हणजे आता तुम्हाला सांगायला नको, असं वाटलं. रडू बसमध्ये आलं, बऱ्याच वेळाने. आणि व्हिडिओ तयार झाल्यावर मी कागद घेतला तो तुमच्यासाठी, कारण तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तुम्ही रागावणार नाही, आणि हे कुठे टाकायचं याचा पत्ताही नाही. हे लिहायला मला तीन दिवस लागले, आणि आई दहा पावलांवर, आतल्या खोलीत बसली आहे. मी अजून उठलेले नाही.